वाघाची कविता

मंगळवार, संध्याकाळ

नाटक झालं, दोन्ही कथा झाल्या. परीक्षेसाठी आता वाघाची कविता तेवढी राहिली. मराठीच्या बाईंनी आज वर्गाबाहेर बोलावून सांगितलं, "ती सोड. दुसऱ्या कवितेचं रसग्रहण लिही." मोहफुलं वेचायला गेलेल्या बाबांना वाघानं नेलं, हे त्यांना माहीत आहे. पण सोडू का? साऱ्या वर्गात मी एकटीच?

एरवी घरी मोठ्यानं वाचते, आज मनातल्या मनात वाचत होते. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मोठ्यानं वाच ना. काऊन थांबली?"

वाचली. वाघाचे डोळे, पट्टे, ती संथ चाल. कवीला तो राजा वाटतो. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. त्या सकाळी ती बाबांच्या पुढेच चालत होती.

"चाल तशीच असंन," ती म्हणाली. "मले तर आवाजच नाई आला."

मग पुन्हा तांदूळ निवडू लागली. मी जवळ जाऊन बसले.

ती चाल डोळ्यांसमोरून जात नाही. तरी रसग्रहण लिहायला घेतलं आहे. कवीला वाघ सुंदर दिसला, तर तसंच लिहीन. कविता सोडणार नाही. पण आईपुढे परत मोठ्यानं वाचणार नाही.