बल्ब लावल्याशिवाय बॅटरी द्यायची नाही

आबा,

आज मी एक बॅटरी विकत घेतली. तुम्ही असता तर पहिला प्रश्न आला असता, कुठल्या गाडीची? गाडीची नाही. ही नुसती एक पेटी आहे, शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. वर उचलायला कडी, पुढं दोन-चार सॉकेट आणि एक छोटा पडदा. आत ॲसिड नाही, पाणी घालायचं नाही, वास नाही. अर्ध्या भरलेल्या कळशीएवढं वजन, मी एका हातानं उचलते. लोक ही तंबूत राहायला जाताना नेतात, नाहीतर घरात लाइट गेली तर असावी म्हणून ठेवतात. मी दोन्हीसाठी घेतली, असं दुकानदाराला सांगितलं. खरं कारण सांगायचं तर पलूसच्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

सैन्यात तुम्ही वायरलेसच्या बॅटऱ्या सांभाळायचात आणि पेन्शनीवर आल्यावर बाजाराच्या रस्त्याला बॅटरी चार्जिंगचं दुकान घातलंत. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, भोंग्याच्या रिक्षांच्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव. तुमच्या एकूण एक शर्टाला ॲसिडची भोकं. आई म्हणायची, "आता ह्यांच्या शर्टातनंच रवा चाळते." चार्ज झालेली बॅटरी तुम्ही लगेच द्यायचा नाहीत. तिला निवांत ठेवायची, मग फळीवर ठोकलेला ट्रॅक्टरचा पुढचा बल्ब तिला जोडायचा आणि गिऱ्हाइकाला अर्धा तास चहा देऊन बसवायचं. बल्ब शेवटपर्यंत पांढरा राहिला तर बॅटरी घेऊन जा, पिवळा पडला तर परत चार्जिंगला. घाईतलं कुणी म्हणे, "हवालदार, मीटर फुल दावतंय की!" तुम्ही शांतपणे उत्तर द्यायचात, "मीटर म्हंजी बघायच्या दिवशीचा नवरा. त्या दिवशी समदेच गुणाचे असत्यात. लोड पडू दे, मग बोलू." मी गल्ल्यावर बसून हसायची. माझं कॉलेज सकाळचं होतं आणि दुपारचं दुकान माझ्याकडे असायचं.

मी एकदाच चुकले. शेजारच्या गावातले एक जैन शेतकरी भोंग्याची बॅटरी न्यायला आले, त्यांना बस गाठायची होती, मीटर फुल होता. बल्ब न लावता मी बॅटरी दिली. दोन दिवसांनी ते परत आले. रागावलेले नव्हते, उलट हसत होते. "आवं हवालदार, बस्तीच्या देवळात महाराजांचं प्रवचन चालू, पाच गावची माणसं बसल्याली, आणि अध्यात्मात जरा कुठं शिरतोय तवर भोंगा मुका!" मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. त्यांच्यासमोर म्हणालात, "हिच्या हातात दुकान दिलं हीच माझी चूक झाली." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाहीत. मला ते इतकं लागलं की मी तुमच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, किल्ल्या द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत, आपल्या घरात ती पद्धतच नव्हती.

आणि तुमचं घोरणं. जेवून आलात की पार्टिशनच्या मागं बाजेवर आडवे व्हायचात आणि रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून हसायची. घोरता घोरता मध्येच श्वास पार बंद पडायचा. आम्ही भावंडं लहानपणी त्याचीही गंमत करायचो. आबा थांबले, आता सुटतील बघ, असं. आईला मात्र त्यात गंमत वाटत नसे. ती शेजारून कोपरानं ढोसायची आणि तुम्ही कुशीवर वळलात की मगच डोळा मिटायची. दुकानात बसायला लागले तेव्हा तिनं मला बजावलं होतं, "दुपारचं थांबलं तर ढोस त्यांला. वाट बघत बसू नगं." माझ्याकडे लाकडी फूटपट्टी होती. दोन वर्षं मी पार्टिशनच्या मागं जाऊन त्या पट्टीनं तुम्हाला ढोसत होते. तुम्ही डोळे न उघडता "हां" म्हणायचात आणि वळायचात. मग एप्रिलातल्या एका दुपारी तुम्ही त्या बाजेवरच गेलात. कडेगावपासून पाहुणे आले आणि सगळे एकच बोलले, नशीबवान माणूस, झोपेत गेला. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं की चार्जर गुणगुणत होता, मला काही ऐकू आलं नाही.

आता मी साताऱ्यात असते. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, आणि हे जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला. घरात आवाज म्हणाल तर फ्रिजचा. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा लेकीनं एका सकाळी चहा पिताना मोबाइल पुढं केला, म्हणाली, "आई, हे ऐक." मी ऐकलं आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. मोबाइलमधून तुम्ही घोरत होता. तोच सूर, मध्ये तशीच जीव टांगणारी शांतता, आणि मग तोच झटका. ती म्हणाली, "हे तुझं आहे." डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला हे होतं का? मी म्हटलं, वडिलांना. ते म्हणाले, वडील कशानं गेले? मी म्हटलं, झोपेत. त्यांनी मान हलवली आणि लिहीत राहिले. तेव्हापासून एक यंत्र आहे माझ्याकडे. नाकातोंडावर मास्क लावायचा, नळीतून हवा येत राहते आणि श्वास थांबत नाही. हे यंत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. कामवाली यायच्या आधी ते कपाटात जातं. आरशात एकदा स्वतःला मास्क लावलेलं पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही.

कचेरीत माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसणारी मैत्रीण माझ्याच वर्षी निवृत्त झाली. तिनं बायकांचा एक गट जमवलाय. कण्हेर धरणाच्या पाण्याकडेला तंबू ठोकतात, दोन रात्री राहतात, चुलीवर स्वयंपाक करतात, गाणी म्हणतात. दोन वर्षं ती मला बोलावतेय आणि मी दोन वर्षं गुडघे पुढं करतेय. तंबूत लाइट कुठली? यंत्राशिवाय झोपायची मला भीती वाटते आणि यंत्रासकट झोपायची लाज. दोन्ही सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या आठवड्यात तिनं फोन केला आणि म्हणाली, "ह्या वेळी न्हाई आलीस तर पुढं विचारणार न्हाई हां मी. बळंबळं कितींदा बोलवायचं गं?" तिचं चुकलं नाही. पण फोन ठेवल्यावर जाणवलं की माझ्या फोनवर आता मुलगी आणि ही, दोघीच उरल्यात. ही गेली तर एकच.

म्हणून आज सकाळी यंत्र पिशवीत घालून पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, बोलका. त्यानं सगळ्यात छोटी पेटी पुढं केली. "ही घ्या मॅडम, तीनशेची. दोन रात्री आरामात जातील." मी विचारलं, "तीनशे काय?" म्हणाला, "तीनशे वॉट." मी म्हटलं, "ते एका दमात किती उचलेल ते झालं. किती वेळ ओढेल तो आकडा वेगळा असतो, तो कुठं लिहिलाय?" त्यानं खोकं उलटसुलट करून पाहिलं. बैलाचा जोर वेगळा आणि बैलाचा दम वेगळा, हे तुम्ही मला गल्ल्यावर बसवून शिकवलं होतं. त्यानं पेटी चालू केली. तिला काहीच जोडलेलं नव्हतं आणि पडद्यावर आलं, नव्याण्णव तास. मला इतकं हसू आलं की दुकानदार चपापला. बघायच्या दिवशीचा नवरा साताऱ्यापर्यंत येऊन पोचला होता.

"लोडवर दाखवा," मी म्हटलं. "म्हंजे?" "यंत्र आणलंय मी." "आता, हितं?" मी पिशवीतून यंत्र काढून काउंटरवर ठेवलं. नुसतं चालू करून भागत नाही, आबा. मास्क चेहऱ्यावर नसेल तर हवा वाटेल तशी सुटते आणि खरा लोड कळत नाही. दोन मिनिटं मी मास्क हातात धरून उभी होते. दुकानात गिऱ्हाइकं येत-जात होती, समोर रस्ता भरून वाहत होता. मग स्टुलावर बसले, पट्टे डोक्यामागं ओढले आणि बटण दाबलं. अर्ध्या तासात छोट्या पेटीचा दहावा हिस्सा संपला. म्हणजे पाच तास, दोन रात्री कुठल्या! माझ्या लक्षात आलं की हवा ओलसर करायची पाण्याची टाकी गरम होत होती आणि सगळं तीच खात होती. ती बंद केली. त्याहून मोठी पेटी मागवली आणि दुकानदाराला बोटांनी खूण केली, तीन तास. तो म्हणाला, "बसा आवं, माझं काय जातंय," आणि चहा मागवला. मास्कमुळे मला तो पिता येईना, मग त्यानंच पिऊन टाकला.

एक निवृत्त फौजी इन्व्हर्टरसाठी पाणी न्यायला आले. माझ्यासमोर उभे राहून निरखत होते. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "माझंबी हाय असलं. कपाटात. कारभारीण म्हणती हत्तीची सोंड, म्हणून मी लावतच न्हाई." मग त्यांनी विचारलं, "झोप लागती का पण?" मी मान हलवली, हो. ते बराच वेळ तिथंच उभे होते आणि जाताना पाण्याचा कॅन विसरून गेले.

दीड तास झाला तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. मास्क काढला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि अर्ध्यावर सोडलेल्या बॅटरीला तुम्ही हात लावू दिला नसतात. मी फोन दुकानदाराकडे दिला. तो मोठ्यानं बोलला, "त्यास्नी बोलता येत न्हाई. तोंडाला हवेचं मशीन लावलंय. न्हाई न्हाई, दवाखाना न्हाई, पोवई नाक्याव बॅटरीचं दुकान..." पण पत्ता ऐकताच तिनं फोन कट केला होता. पंधरा मिनिटांत रिक्षा दारात थांबली. घरातल्या साडीवर, केस सुटलेले, पायात दोन वेगळ्या चपला, अशी ती आत आली आणि इन्व्हर्टरच्या खोक्यांमध्ये मास्क लावून बसलेली मी तिला दिसले. तिनं मला बघितलं, नळी बघितली, यंत्र बघितलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्याच्यासाठी दोन वर्षं तुझे गुडघे दुखत व्हते व्हय गं?"

मी मान हलवली. तिनं दुकानदाराला विचारलं, अजून किती वेळ? तो म्हणाला, सव्वा तास. तिनं एक खोकं ओढलं आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. मला रडू आलं, पण मास्कमध्ये रडता येत नाही, आबा. हवा जोरानं आत शिरते आणि रडणं माघारी वळतं. ती सव्वा तास बोलत होती, मी ऐकत होते. मला आठवतंय तेवढ्या वर्षांत इतका वेळ कुणी माझ्या शेजारी बसलेलं नाही. तीन तासांनी पडद्यावर अठ्ठ्याऐंशी टक्के उरले होते. दोन रात्रींना पुरून उरतील. दुकानदारानं स्वतः पेटी रिक्षात नेऊन ठेवली आणि म्हणाला, "आता मीबी समद्यांना लोडवरच दाखवणार."

शनिवारी निघायचं आहे. रिक्षात मी मैत्रिणीला एक गोष्ट सांगितली. म्हटलं, पेटी आहे, यंत्र आहे, तरी मास्क सरकला आणि माझा आवाज थांबला तर ढोस मला. वाट बघू नको. ती म्हणाली, "ढोसते की. लाथच घालीन." असं कुणाला सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि सांगताना तोंडात आईचे शब्द आले.

ही पानं पेटीच्या खोक्यात, गॅरंटीच्या कागदाखाली ठेवते. तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, आणि असती तरी मी ती धाडली असती की नाही, माहीत नाही. आईला जे सांगितलं ते खोटं होतं. त्या दुपारी लाइट गेली होती. चार्जर बंद होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं, आणि तुमचं घोरणं थांबलं ते मला स्पष्ट ऐकू आलं. पट्टी माझ्या हाताशीच होती. आपलं बोलणं बंद झाल्याचा तो तिसरा दिवस होता. म्हटलं, आज मी नाही उठत, वळतील आपले आपण. आणि मी पुस्तकाचं पान उलटलं.