‘आम्ही’ नाही, ‘मी’ म्हण

ऑक्टोबर ४, शनिवार

लिहायला भाग पाडलं ते डेला रिंटालाने. पोरगी विलक्षण आहे. हे तिच्या तोंडावर सांगितलं तर ती ढिली पडेल. रॉयला सांगितलं तर नवरा माझा, संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर घालेल. आणि मनात ठेवलं तर मलाच टोचत राहतं. म्हणून इथे.

सकाळी दारात उभी राहिली. हातात निसू, गोड पावाची वेणी, आईने भाजलेली, वेलदोड्याचा वास अंगणापर्यंत. “मिसेस लाहती, मुलाखतीला पुन्हा बोलावलंय. सात नोव्हेंबरला. पुलाखाली.”

पुलाखाली म्हणजे मोठ्या पुलापलीकडे, दक्षिणेला, त्याच विद्यापीठात, जिथे गेल्या वर्षी तिला नाकारलं. भूल देणाऱ्या नर्सचा अभ्यासक्रम — जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. दुसऱ्यांदा नाकारलं तर तिसऱ्यांदा कोणी बोलावत नाही.

“गेल्या वेळी काय चुकलं, विचारलंस?”

“विचारलं. म्हणाले, या उमेदवाराने स्वतः काय केलं तेच आम्हाला कळलं नाही.”

बूट काढ म्हटलं, आत ये, दार लाव, ऊब जातेय.

ती आमच्याच गावची. सध्या मोठ्या शहरात आयसीयूत असते. इथल्या इस्पितळात भूल द्यायला मी एकटी. मी काम सोडलं आणि मागे कोणी नसलं, तर बाळंतपणाचा विभाग बंद. बायकांनी बर्फातून दोन तास गाडी हाणायची. डेलाला शिकून इथेच परत यायचंय. तसं ती बोलली नाही. बोलणारच नाही! पण नाहीतर सुट्टीचा दिवस माझ्या स्वयंपाकघरात कशाला घालवेल?

ऑक्टोबर ५, रविवार

पहिली तालीम. समोर मी, शेजारी रॉय — पॅनेलचा दुसरा सदस्य. लोकरी स्वेटरवर टाय बांधून बसला. जन्मभर रस्त्यांवरचा बर्फ काढणारी सरकारी गाडी चालवली, आता प्राध्यापक झाला.

“तुझा सगळ्यात अवघड पेशंट सांग,” मी म्हटलं.

“आमच्याकडे एक गृहस्थ होते, फुप्फुसं निकामी झालेली. आम्ही त्यांना पालथं केलं, आम्ही दाब सांभाळला, आम्ही —”

“आम्ही म्हणजे किती जण? औषध द्यायला मिरवणूक काढली होती का?”

रॉय खो खो हसला. डेलाचे कान लाल झाले. “पण मिसेस लाहती, एकटीने कोणी काही करत नाही ना.”

“खरं आहे. पण त्या खुर्चीत एकटीच बसणार आहेस.”

दोष तिचा नाही, या मातीचा आहे. इथे ‘मी केलं’ म्हणणं म्हणजे बढाई. माझ्या वडिलांनी चर्चचं छप्पर एकट्याने बदललं आणि घरी येऊन म्हणाले, “छप्पर दुरुस्त झालं.” जसं काही रात्रीतून स्वतःच झालं!

आणखी एक खोड — पुटपुटते. शब्दांची शेपटं गिळते. तीनदा विचारावं लागलं. पॅनेलपुढे हे चालणार नाही.

ऑक्टोबर ९, गुरुवार

प्रत्येक ‘आम्ही’ला रॉय कॉफीच्या डब्यावर चमचा हाणतो. डब्याला पोचे पडले. ‘आम्ही’ जिवंत आहे.

ऑक्टोबर १४, मंगळवार

आज तिला औषधांवर घेतलं. काही दयामाया दाखवली नाही.

“भूल दिलीस. दाब पडला. नाडीही मंद. काय करशील?”

“डॉक्टरांना कळवू —”

“कुठल्या डॉक्टरांना? सर्जनचे हात पोटात आहेत. उशाशी तू आहेस. तूच!”

आयसीयूच्या नर्सची ही ठरलेली घसरण. वर्षानुवर्षं डॉक्टरांना फोन करायची सवय. पण ती थांबली, डोळे मिटले, आणि मग जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. “फेनिलेफ्रिन नको. दाब चढेल, पण नाडी आणखी बसेल. इफेड्रिन देईन, दोन्ही उचलेल. पण आधी सर्जनना म्हणेन, हात थांबवा. पोट ओढलं गेलं की नाडी अशीच बसते. कदाचित औषध लागणारही नाही.”

आधी हात थांबवा! हे पुस्तकातून आलेलं नाही. आयसीयूत पोटं उघडत नाहीत. तिने ते उशाशी उभी राहून, डोळे मिटून पाहिलं. मी तिच्या वयाची असताना सुई भरायला धावले असते.

तोंडाने म्हटलं, “पुढचा प्रश्न.”

“बरोबर होतं का?” तिने विचारलं.

“चुकलं असतं तर कळलं असतं,” रॉय म्हणाला. “माझ्या लग्नात पाद्रीने विचारलं तेव्हाही ही एवढंच बोलली होती, ‘पुढचा प्रश्न.’”

ऑक्टोबर १८, शनिवार

शनिवार, म्हणून सॉना तापवलेला. रॉय अंगातून वाफा काढत उघडाच स्वयंपाकघरात आला. म्हटलं, बरं झालं, बस. फुकटचा पेशंट.

माझी वाटी काढली. छातीवर ठेवायची धातूची जड वाटी, तिला नळी, नळीच्या टोकाला कानात बसणारा तुकडा — माझ्या डाव्या कानाचा साचा घेऊन केलेला. आता कोणी वापरत नाही, मॉनिटरच्या पडद्यावर सगळं दिसतं. मी वापरते. पेशंट झोपला की त्याचा प्रत्येक श्वास माझ्या कानात. पडदा काय झालं ते सांगतो. कान काय होणार ते सांगतो. डेलाला हेच दाखवायचं होतं.

वाटी रॉयच्या छातीवर ठेवली, ऐकलं. “स्वच्छ,” म्हटलं. “तू ऐक.”

तिने स्वतःचा स्टेथोस्कोप लावला. ऐकलं. जागा बदलून पुन्हा ऐकलं. “शीळ वाजतेय,” म्हणाली. “बारीक. श्वास सोडताना.”

“काहीतरीच. सॉनातून आलाय, धापा टाकतोय.”

ती वाटीकडे पाहत राहिली. “आपण पुन्हा ऐकू या का?”

“नको. पास्टी गार होतेय.”

पास्टीच्या सारणात रॉयने मांसापेक्षा सलगम जास्त घातला होता. कोणी काही बोललं नाही. सलगमाबद्दलसुद्धा!

ऑक्टोबर १९, रविवार

शीळ असती तर मला ऐकू आली असती. तो कान विद्यापीठातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जुना आहे.

ऑक्टोबर २३, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

मुलाखतीत ठरलेला प्रश्न असतो. तुमच्याहून वरच्या माणसाला ‘तुम्ही चुकताय’ म्हणालात असा प्रसंग सांगा. औषधं सगळ्यांना येतात; खरी चाळणी इथे लागते. डेलाकडे या प्रश्नाला उत्तर नाही. दर वेळी, “आम्ही डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं.” दर वेळी चमचा.

आज मी चिडले. “पाच वर्षं आयसीयूत काढलीस आणि एकदाही कोणाला तोंडावर चूक म्हणाली नाहीस? मग भूल देऊ नकोस पोरी! भूल देणाऱ्या बाईला सर्जनला ‘थांब’ म्हणता आलं पाहिजे. शब्द घशात अडकला तर पेशंट जातो.”

ती काहीतरी पुटपुटली.

“मोठ्याने!”

ती उठली. माझ्या डावीकडे होती, टेबलाला वळसा घालून उजवीकडे आली. आणि आवाज न चढवता, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, “तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी पाहिलंय. डावीकडून बोलले की तुमच्या मते मी पुटपुटते. उजवीकडून बोलले की नाही. त्या दिवशी मिस्टर लाहतींच्या छातीत शीळ होती. मला ऐकू आली. तुम्हाला नाही. हे मी सांगतेय. मी.”

रॉयचा चमचा हवेतच राहिला.

मी म्हटलं, “आजची तालीम संपली.” तिने कोट घेतला, दार हळूच लावलं.

“तुला माहीत होतं?” मी रॉयला विचारलं.

“मार्ली, मी वर्षभर तुझ्या उजवीकडे झोपतोय,” तो म्हणाला. “तुला वाटलं खिडकीतून वारा येतो म्हणून?”

ऑक्टोबर २४, शुक्रवार

राग आहे. कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

ऑक्टोबर २७, सोमवार

कान तपासून आले. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या बाजूची पाळी आली, मी बोट बटणावर ठेवून वाट पाहत राहिले. बराच वेळ काही आलंच नाही. मग तपासणारी मुलगी आत आली, म्हणाली, “झालं हं.”

वरचे सूर गेलेत. शीळ तिथेच असते. शब्दांची शेपटंही.

पोरगी पुटपुटत नव्हती.

काय धाडस! मुलाखत तोंडावर, शिफारस माझी, स्वयंपाकघर माझं — आणि मलाच चूक म्हणाली. शांतपणे, पुराव्यासकट, योग्य बाजूला येऊन. माझ्या हाताखाली किती जणी आल्या, गेल्या. एकीनेही असं केलं नसतं. मी कोणाच्या बाबतीत केलं असतं का, मला खात्री नाही.

नोव्हेंबर १, शनिवार

निरोप पाठवला, ये म्हणून. आली. डोळ्यांखाली काळं. निसू नाही आणली.

मी म्हटलं, “तुझं बरोबर होतं.”

एवढंच. पण कोणी दोर कापावा तशी ती मटकन बसली.

“आता ऐक. तो प्रश्न आला तर हा प्रसंग सांगायचा.”

“नाही! तुमच्याबद्दल मी तिथे —”

“माझ्याबद्दल नाही, तुझ्याबद्दल. नाव सांगू नकोस. पण सांग. यापेक्षा चांगलं उत्तर त्या खोलीत कोणाकडे नसेल.”

तिने विचारलं, “आणि तुम्ही काय करणार?”

ते मी ठरवलंय. कानात यंत्र बसवीन, पडदा डोळ्यांसमोर ठेवीन आणि तीन वर्षं काढीन. ती शिकून येईपर्यंत. मी काम सोडलं तर बाळंतपणं बंद. दुसरा मार्ग नाही.

तिला म्हटलं, “तो तुझा प्रश्न नाही.” तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

नोव्हेंबर ६, गुरुवार

गेली. पुलावर वारा आहे म्हणे, गाड्या हळू सोडताहेत. रॉयने तिला स्वतःचा टाय दिला, “खिशात ठेव, शकुन म्हणून.” मी दिलं काहीच नाही. “सरळ बस,” म्हटलं.

नोव्हेंबर ७, शुक्रवार

फोन आला. उजव्या कानाला धरला.

औषधांचं विचारलं, तिने सांगितलं. एका प्रश्नाचं उत्तर अजिबात आलं नाही, तेव्हा म्हणाली, “मला माहीत नाही. कुठे शोधेन ते सांगू शकते.” त्यावर तिघांनीही काहीतरी लिहून घेतलं. शाबास!

मग तो प्रश्न आला. तिने सांगितलं. ‘मी पाहिलं, मी म्हटलं.’ पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं, “मग त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तुझं बरोबर होतं.”

“आणि आता? अजून भूल देतात?”

मी फोन कानाला घट्ट दाबला.

“काय सांगितलंस?” मी विचारलं.

“मी म्हटलं, त्या काम थांबवतील. मला तसं काही बोललेल्या नाहीत, पण मी त्यांना ओळखते. वाटी ऐकू येत नसेल तर त्या कोणालाही झोपवणार नाहीत.” मग घाईने, “चुकलं का? मिसेस लाहती? मी तुमच्या वतीने बोलायला नको होतं.”

“पुन्हा बोलू,” म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्या वतीने बोलली नाही ती. ज्या बाईवर तिचा विश्वास आहे, तिच्या वतीने बोलली. ती बाई मीच असायला हवी होती.

नोव्हेंबर ८, शनिवार

बाळंतपणांचं काय? दिवसभर हेच. इस्पितळात सहज विचारून पाहिलं. पुलाखालून आठवड्याच्या बोलीवर भूल देणारा माणूस मिळू शकतो. महाग, पण मिळतो. म्हणजे मार्ग होता. माझ्याशिवाय मार्ग नाही, हे मीच स्वतःला ऐकवत होते. ते मात्र दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येत होतं!

नोव्हेंबर १४, शुक्रवार

मिळाली जागा!! दुपारी त्यांनी तिला फोन केला, तिने मला. रडत होती, हसत होती, एकही शब्द धड नाही, आणि या वेळी दोष कानाचा नव्हता.

“आपल्याला मिळाली, मिसेस लाहती!”

“कोणाला?”

“मला,” म्हणाली. “मला मिळाली.”

“बरं,” मी म्हटलं.

रॉयने डब्यावर चमचा वाजवला, तो थांबेचना. उद्या हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. सामान बांधायचं सोडून डबा वाजवत घरभर फिरला.

नोव्हेंबर १७, सोमवार

आज काम सोडलं. सुपूर्द केलं ते असं. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या आणि पेजर — इस्पितळाच्या ऑफिसात. धातूची वाटी आणि नळी — डेला रिंटालाकडे, तिच्या हातात. कानातला तुकडा दिला नाही. तो माझ्या कानाचा, दुसऱ्या कोणाला बसायचा नाही. तिचा ती करून घेईल.

ऑफिसातली मुलगी आमच्याच गावची. तिने नोंद केली, ‘किल्ल्या परत आल्या.’ मी ती खोडायला लावली. आल्या नाहीत. मी दिल्या.