सासऱ्यांची डिझेल अँबेसेडर

१२ जानेवारी
संकल्प. यवतमाळला आमच्या अंगणात बंद पडलेली सासऱ्यांची डिझेल अँबेसेडर मी स्वतः दुरुस्त करणार. मेकॅनिकला हात लावू देणार नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं फायली हलवल्या, चार नोझलची गाडी हलणार नाही?

मुदत २५ फेब्रुवारी. त्या दिवशी दिग्रसला सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. मेहुणा अवधूत म्हणतो, गाडी स्वतःच्या चाकांवर दिग्रसच्या दारात आली तर ताईच्या नावावर करून देतो, नाहीतर भंगारवाला सांगून ठेवलाय. ताई म्हणजे माझी बायको सुचित्रा. ती याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली, बाजूला वडील बसायचे. तिने बॉनेटवरून हात फिरवला. मी म्हणालो, तू निर्धास्त राहा.

१४ जानेवारी, संक्रांत
नवी बॅटरी टाकली. एका सेल्फमध्ये सुरू! मग कसून तपासणी. एकच त्रुटी: डिझेल टाकीच्या झाकणाला बारीक भोक. इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात येऊ नये? एम-सीलने बुजवलं, आतून जाड रबरी वॉशर बसवला. आता थेंबच काय, वासही बाहेर येत नाही.

गाडीच्या नावाने रीतसर नस्ती, म्हणजे फाइल, उघडली. पहिली नोंद, सहीनिशी: त्रुटी दूर केली.

१७ जानेवारी
दारव्हा रोडने ट्रायल. अकरा किलोमीटर लोण्यासारखी. मग आचके देत बंद.

डिझेल संपलं की काय म्हणून झाकण उघडलं. भरपूर होतं. मग फीड पंपाचा लिव्हर हाताने मारमारून लाइनमधली हवा काढली. सुरू! म्हणजे निदान बरोबर: लाइन कुठूनतरी हवा ओढते आहे. सुचित्रा म्हणाली, झाकण उघडताना फुस्स आवाज आला. मी सांगितलं, तुला कुकरची सवय.

२० जानेवारी
पाइपांचे सगळे वॉशर बदलले. ट्रायल. अकरा किलोमीटर. बंद. झाकण उघडून डिझेल पाहिलं, हवा काढली, सुरू. हवा काढण्यात आता माझा हात कुणी धरणार नाही.

सुचित्रा परत तेच, फुस्स. दुर्लक्ष केलं.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गाडीने गेलो, मुद्दाम लांबच्या रस्त्याने. बंद. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात हवा काढली. पोचलो तेव्हा लोक जिलेबी खाऊन घरी निघाले होते. शर्ट आता गाडी पुसायला.

ठरलं. दोष इंजेक्शन पंपाचा. पंप खोलणार.

२ फेब्रुवारी
पंप काढला, साफ केला, बसवला. सोपं काम आहे, उगाच बाऊ करतात.

२ फेब्रुवारी, दुपारी
टाइमिंगचा एखादा दात इकडचा तिकडे झाला असावा. सेल्फ मारला तर इतका धूर, की शेजारच्या शीलाताईंचे वाळत घातलेले पापड काळे. त्या म्हणाल्या, भाऊ, कायले करून राह्यले हे या वयात? मी म्हणालो, टेस्टिंग. सुचित्रा आपल्या डब्यातले पापड देऊन आली.

५ फेब्रुवारी
नाइलाज. गाडी टो करून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत. पंप-नोझलचं काम करणारा धम्मरत्न. त्याने पंप मशीनवर लावला, नोझलचा फवारा पाहिला, टाइमिंग जागेवर आणलं. म्हणाला, पंपाले काहीच झालं नाही साहेब, काहून खोलला? टाकीकडून पाहा ना एकदा.

छातीत दुखतं म्हणून जावं आणि डॉक्टरने तळपाय पाहावा, तसला प्रकार. मी म्हणालो, टाकी माझ्या देखरेखीखाली आहे. सुचित्रा त्याच्याशी काहीतरी बोलत थांबली होती. बायकांना कुठेही गप्पा सुचतात.

२३ फेब्रुवारी
अखेरची ट्रायल. अकरा किलोमीटर.

रस्त्याच्या कडेला बसलो. खरं सांगायचं तर रडू आलं. सुचित्राला सांगितलं, गाडी जुनी झाली, हिचं आयुष्यच संपलं, त्याला कोण काय करणार. परवा एसटीने जाऊ. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते. रागावली असावी.

२४ फेब्रुवारी
अवधूतसाठी सहा पानी अहवाल लिहिला. गाडी का चालू शकत नाही, तांत्रिक कारणांसह. चांगला उतरलाय.

२५ फेब्रुवारी, दिग्रस
सकाळच्या एसटीने पोचलो. भंगारवाला आधीच हजर, अंगणात चहा पीत. अवधूतने विचारलं, गाडी? मी अहवाल काढला. दुसऱ्या पानावर होतो तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. तो हॉर्न या घरात सगळ्यांना पाठ आहे.

सुचित्रा चालवत होती. बाजूला धम्मरत्न. यवतमाळहून एकदाही न थांबता.

अवधूतने भंगारवाल्याला परत पाठवलं, कागदांवर सही केली आणि धम्मरत्नला विचारलं, काय बिघाड होता? धम्मरत्नने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, काही नाही जी, झाकणाचं भोक बुजलं होतं. हवा आत गेल्याशिवाय डिझेल बाहेर येत नाही. टाचणीनं मोकळं केलं. कुणी बुजवलं ते त्याने सांगितलं नाही. मीही नाही. सुचित्रा वडिलांच्या फोटोला हार घालत होती, तिची पाठ हसत होती.

महिनाभर लाइनमधून हवा काढत होतो. पाहिजे होती ती टाकीत.

परतताना तीच चालवत होती. बाजूला धम्मरत्न, मी मागच्या सीटवर. दारव्ह्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, जरा झाकण पाहून या. गेलो. भोक मोकळं होतं. तसं सांगितलं.

२६ फेब्रुवारी
नस्ती फाडायला काढली. पहिल्याच पानावर माझं वळणदार अक्षर: झाकणाचे भोक कायमस्वरूपी बुजविले. त्रुटी दूर केली. खाली तारीख आणि पूर्ण सही. खात्यात असतो तर एवढ्या एका कागदावर निलंबित झालो असतो.

फाडता आली नाही. सुचित्राने मागून घेतली. गाडीच्या कागदांसोबत ठेवणार आहे म्हणे.