विश्रांतेश्वराचा प्रसाद

सोमवार, ९ जानेवारी २००६

लियाओबाईंचं वजन एकोणचाळीस किलो! साडी नेसत असत्या, तर साडीच जास्त भरली असती.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. चिनी माणसं, पण पुण्यात पन्नास वर्षं. मराठी माझ्यापेक्षा तिखट. यजमान कॅम्पात दातांचे डॉक्टर होते, दिवाळीत गेले. तेव्हापासून बाईंचं जेवण सुटलं. डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. गोळ्या चालू आहेत, पण गोळीसाठी तरी पोटात काही हवं ना. टोरांटोहून मुलगी, मेई, फोनवर बजावते – महिनाअखेर दोन किलो वाढलं नाही, तर येऊन सोबत घेऊन जाईन. बाईंना जायचं नाही. "त्यांना इथं पुरलंय," एवढंच म्हणाल्या.

भाजी नेली – नको. पोळी – नको. परत आणून ह्यांना वाढली.

मंगळवार, १० जानेवारी

आज वाटीभर साखरभात नेला आणि म्हटलं, गणपतीचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये. खाल्ला! शीत ठेवलं नाही. कुणाच्याही देवाचा अपमान करायचा नाही, अशी त्यांची रीत. काल शंकराच्या नावावर का नाही नेलं? सोमवार फुकट गेला.

गुरुवार, १२ जानेवारी

काल पांडुरंग, आज दत्त. ताट बघून बाई विचारतात, दत्ताला वांग्याची भाजी आवडते का. म्हटलं, हल्ली आवडायला लागलीय.

सोमवार, १६ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, एक वेळ पुरायचं नाही, संध्याकाळीही जेवायला हवं. आली का पंचाईत! वारांचे देव सात, जेवणं चौदा.

संध्याकाळी ताट घेऊन दारात उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं – विश्रांतेश्वराचा प्रसाद.

"हा कुठला?"

"आपल्या विश्रांतवाडीचाच. जागृत आहे."

"कधीपासून?"

"संध्याकाळी सातपासून."

खाल्लं सगळं. पण घरी येऊन देवापुढे हात जोडले, तर कानशिलं तापली. जन्मात नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घेतला नाही, आणि आज देवच तयार केला मी.

मंगळवार, १७ जानेवारी

तोडगा निघाला. पूजेत सुपारीचा गणपती चालतो, तर सुपारीचा विश्रांतेश्वर का चालू नये? देव्हाऱ्यात मूठभर तांदळावर सुपारी मांडली, गंध-फूल वाहिलं. सुपारी सत्यनारायणाचीच, धुऊन घेतली. नवी कशाला? आता रीतसर नैवेद्य दाखवूनच ताट नेते. म्हणजे खोटं काही उरलं नाही.

हे विचारत होते, हा नवा भाडेकरू कोण. म्हटलं, समोरच्यांचा पाहुणा.

शुक्रवार, २० जानेवारी

तळमजल्यावरची शकू गाठून विचारते, विश्रांतेश्वर नवसाला पावतो का – मुलाचा अमेरिकेचा व्हिसा अडकलाय, कंपनी थांबायला तयार नाही. मी म्हटलं, पावतो. आता सुपारीवर केवढा भार पडला!

बुधवार, २५ जानेवारी

आज दार उघडलं नाही. तीनदा बेल दाबली. आत त्या आहेत हे कळत होतं, चपला वाजल्या. ताट मांडीवर घेऊन जिन्यातच बसले. वरण गार झालं. पाऊण तासाने दाराआडून आवाज –

"आज कोणाचा प्रसाद?"

"आज कोणाचा नाही," म्हटलं. "मीच आलेय."

कडी निघाली. दोघी एका ताटात जेवलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि घासही चालले होते. नंतर गोळी हातावर ठेवली, घेतली.

सोमवार, ३० जानेवारी

एक्केचाळीस किलो दोनशे! मेईला फोनवर मीच सांगितलं. पलीकडे ती बराच वेळ बोललीच नाही. आनंद झाला असेल.

दुपारी बाई आमच्याकडे आल्या, दिवाळीनंतर पहिल्यांदा. सरळ देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे तुमचा देव."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्याशिवाय कोण सांगणार!

"ह्यांनी नाही सांगितलं. गणपतीच्या दिवशीच कळलं मला. साखरभात अर्धा करपला होता, असा कोणी देवाला दाखवत नाही." मग खुर्चीवर बसल्या. "भूक नव्हतीच हो. रोज दारात उभं राहून तुम्ही काय थाप मारता, ते ऐकायला कडी काढायची मी."

चहा करताना माझ्या हातून साखर दुप्पट पडली.

गुरुवार, २ फेब्रुवारी

लियाओबाई टोरांटोला निघाल्या. त्यांचं त्यांनीच ठरवलं. तिकीट नुसतं जायचं काढलंय.

काल मेईने फोनवर पहिल्यांदाच सांगितलं – सहा महिने झाले, तिलाही अन्न जात नाही, गोळ्या तिच्याही चालू आहेत. आईला बोलवत होती ते आईसाठी नव्हतंच.

"पोरीला जेवायला घालायला चाललेय," बाई म्हणाल्या. "देवांची यादी लिहून द्या. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, एकाच विश्रांतेश्वरावर भागणार नाही. चौदा लागतील."

लिहायला बसलेय. आठ झाले. नवव्याचा विचार करतेय.