शिआच्या झाडांभोवतीची तार

नेइंडू, भावा,

तुझ्या संस्थेनं शिआच्या बियांतून लोणी काढायचं यंत्र दिलं, तेव्हा गावातल्या बाया तुझं नाव घेऊन नाचल्या. "आता तुमची गरिबी गेलीच समजा," तामाले शहरातले तुझे साहेब म्हणाले. मग त्यांनीच शिआच्या झाडांभोवती तार ओढली आणि 'आत येऊ नये' अशी पाटी लावली.

"बकऱ्या शिरू नयेत म्हणून," ते म्हणाले.

फुसेना मावशीनं विचारलं, "मग पाटी कशाला? आमच्या बकऱ्या वाचतात होय?"

सगळ्या हसल्या. पण काल बिया वेचायला गेलेल्या मावशीलाच राखणदारानं हाकललं. बिया आता राजधानीतल्या, अक्राच्या कंपनीच्या, म्हणे. यंत्र आमचं, पण त्यात घालायला काही नाही.

मागच्या मोसमात तू आईला विचारलं होतंस, कुठली झाडं जास्त फळतात? तिनं कौतुकानं हिंडून दाखवली. तार नेमकी त्यांनाच आहे. "माझा मुलगा असं करायचा नाही," आई म्हणते.

उद्या आम्ही खांब उपटणार आहोत. आई सगळ्यांच्या पुढे असेल. तुला यातलं काही ठाऊक नसेल, तर तू येऊन तिच्याशेजारी उभं राहावंस, असं फार वाटतं. पण ठाऊक असेल, तर हे वाचून तू आधी साहेबांना कळवशील.

म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुझी ताई,
वुम्पिनी