बाबांचा मुक्काम हॉटेलात

ती. दादास धाकट्या श्वेईशंगचा वाकून नमस्कार. वहिनींना नमस्कार, नातवाला गालगुच्चा. तुझा गुडघा कसा आहे? लान्झोउला अजून थंडी असेल. आमच्या समुद्रकाठी मार्च लागला की भिंतींना पाणी सुटतं, मोजे चार दिवस वाळत नाहीत आणि माणसाच्या मनालाही बुरशी येते. छ्यूलान मजेत आहे. (छ्यूलान म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षं झाली, तरी तू दर वेळी तिचं नाव विसरतोस म्हणून लिहिलं.) माझा रक्तदाब वाढलाय, पण तो तुझा परवाचा फोन आल्यापासूनचा, त्याला औषध नाही.

फोनवर तू म्हणालास की या चिंगमिंगला आईच्या अस्थी घेऊन येतो, बाबांच्या कुंभाशेजारी ठेवू, तिची शेवटची इच्छा होती. मी हो हो, ये ये म्हणालो आणि फोन ठेवून अर्धा तास खुर्चीत बसून राहिलो. उत्तर कागदावर लिहितोय, कारण कागदावर तुला मध्येच ओरडता येत नाही आणि मला तोंड दाखवावं लागत नाही. तर दादा, या वर्षी येऊ नकोस. चिंगमिंगच्या सुट्टीत सगळा देश आपापल्या कबरी झाडायला निघतो, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. शिवाय इथं पाऊस असतो. शिवाय छ्यूलानची कंबर धरलीय. (आत्ताच वर ती मजेत आहे असं लिहून गेलो. असो.) आईला तिकडंच बरं वाटेल, हवा कोरडी आहे.

ही कारणं वाचून मलाच हसू आलं, तर तू कसला फसतोस. तेव्हा सरळ सांगतो, आधी खाली बस. टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत ज्या कुंभापुढं तू दोनदा डोकं टेकलंस आणि एकदा ढसाढसा रडलास, त्यात बाबा नाहीत. त्यात समुद्रावरचे गोटे आहेत. (चांगले गुळगुळीत, एकेक निवडून घेतलेले. कामात मी हयगय केली नव्हती.) बाबा हॉटेलात आहेत.

कुठल्या हॉटेलात, असं तू विचारशील, आणि प्रश्न बरोबरच आहे. तू शेवटचा आलास तेव्हा आपल्या खाडीवर दोन होती. आता परदेशी कंपन्यांची सात झाली. एकीनं जागा घेतली तशी बाकीच्या, गुळाला मुंगळे लागावेत तशा, आल्या. त्यांची नावं कुणाच्या जिभेला वळत नाहीत, म्हणून पूर्वी तिथं काय होतं त्यावरून गावानं आपली नावं पाडलीत. मिठागर हॉटेल, डुकरखाना हॉटेल, लिऊ आजीच्या रताळ्यांचं हॉटेल. (हे सगळ्यात महाग.) शांघायचा एखादा पाहुणा बस थांब्यावर झगमगीत नाव घेऊन पत्ता विचारतो, मग म्हाताऱ्या आपसात बोलतात आणि एकजण म्हणते, अगं, डुकरखाना विचारतोय तो. पोरांना कामं मिळाली, रस्ता झाला, मी काही नावं ठेवत नाही. पण सगळ्यात पहिलं आलं ते टेकडीच्या पायथ्याशी, जिथं आपल्या कबरी होत्या. त्याला गाव अजून कबरींचं हॉटेल म्हणतं, फक्त पाहुण्यांसमोर नाही.

सोळा वर्षांपूर्वी कबरी हलवायची नोटीस आली. एका कबरीमागं भरपाई जाहीर झाली आणि आठवड्याभरात टेकडीला कबरींचं पीक आलं. शेजारच्या ताफूला एक बाप नि एक आजा, त्याच्या नावावर अकरा कबरी निघाल्या. बाबांना मातीत सात वर्षं झाली होती, आपल्याकडच्या रीतीप्रमाणं हाडं काढून कुंभात भरायची वेळ तशीही आलीच होती. सरकारी मुदत महिनाअखेरची. गावाचे मुहूर्त काढणाऱ्या पान मास्तरांनी पंचांग बघितलं आणि म्हणाले, बाबांसारख्या वाघाच्या सालात जन्मलेल्या माणसाच्या कबरीवर कुदळ मारायचा दिवस मुदतीनंतर एकोणीस दिवसांनी आहे, त्याआधी मारली तर थोरल्या मुलाच्या घरात अपमृत्यू. थोरला म्हणजे तू. मी तुला फोन केला होता, आठवतंय? तू म्हणालास, मास्तर सांगतील तसंच कर, तुझी नेहमीची घाई करू नकोस. (हे मी तुझ्यावर ढकलत नाहीये. नुसती आठवण करून देतोय.) मला वाटलं, दोन्ही साधता येईल. मुदतीच्या दिवशी कुंभात गोटे भरले, लाल कापड बांधलं, फटाके उडवले आणि वाजतगाजत नेऊन ठेवला. साहेबांनी यादीत खूण केली. गावानं खोट्या कबरी खऱ्या म्हणून हलवल्या, आणि खरी कबर असून खोटी हलवणारा मी एकटा निघालो.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन गेलो तर पायथा ओळखू येईना. सगळं सपाट, वर दोन पुरुष उंच मातीचा भराव, भोवती पत्रे ठोकलेले. फाटकावरच्या माणसाला म्हटलं, खणायला आलोय. त्यानं माझ्या डोक्यावर पिवळी टोपी घातली आणि खणायलाच कामावर ठेवलं. ताडाच्या झाडांसाठी चाळीस दिवस खड्डे खणले, बाबा काही लागले नाहीत. मग तिथंच माळी म्हणून राहिलो. तू सगळ्यांना सांगायचास, शेवटी श्वेईशंग मार्गी लागला, एका जागी टिकला. दादा, मी इतकी वर्षं बाबांच्या अंगावरचं गवत कापत होतो. तिथला मोठा काळा खडक त्यांनी शोभेसाठी ठेवलाय. त्यापासून सतरा पावलं समुद्राकडं, ही जागा मला डोळे बांधले तरी सापडेल. छातीवर 'जेसन' अशी पाटी. (तिथं प्रत्येकाला एक परदेशी नाव घ्यावं लागतं. माझा नंबर येईपर्यंत सोपी नावं संपली होती.) चिंगमिंगला हिरवळीला पाणी घालण्याआधी तिथं थोडी तांदळाची दारू ओतायचो. गवत त्या जागी जरा दाटच यायचं आणि साहेब माझ्या कामावर खूश असायचे.

गेल्या वर्षी साठी झाली म्हणून घरी बसवलं. निरोपाला केक कापला, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फाटकावर मला अडवलं. पाहुण्यांखेरीज प्रवेश नाही. मग काय, बापाला भेटायला मी पाहुणा झालो. चिंगमिंगला खोली घेतली. (किती पैसे गेले ते छ्यूलानला अजून माहीत नाही.) बॅगेत उकडलेली कोंबडी, दारू, पितरांपुढं मांडायचे तीन पेले, उदबत्त्या आणि बाबांना वर खर्चायला कागदी नोटांची गड्डी. नोटा बाथटबमध्ये जाळायचा बेत होता. पहिली पेटली न पेटली तोच छताला कंठ फुटला. चार माणसं धावत वर आली, पण माझ्यावर रागावतील तर शपथ. परदेशी कंपनीची शिस्तच तशी. भोंग्याचा त्रास झाला म्हणून त्यांनी माझीच माफी मागितली, फळांची थाळी दिली, आणि उरलेल्या नोटा काढून घेऊन त्यांची पावती दिली. बाबांनी गेलं वर्ष वर कसं काढलं कोण जाणे.

कोंबडी पिशवीत घालून हिरवळीवर गेलो तर तिथं जत्रा भरलेली. त्यांचा ईस्टर आणि आपलं चिंगमिंग नेमकं एकाच दिवशी आलं होतं. हॉटेलनं गवतात रंगीत अंडी लपवलेली, पन्नासेक पोरं ती शोधत सुसाट पळतायत आणि मध्ये माणसाएवढा ससा नाचतोय. बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. घरात दोन बायका जोरात बोलल्या तर ते होडीत जाऊन बसायचे. मी खडकापासून सतरा पावलं मोजली, इकडं तिकडं बघितलं, पेले मांडले आणि गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. एका चिमुरडीनं ते पाहिलं. तिला वाटलं या आजोबांना मोठं अंडं लागलं. ती शेजारी येऊन तशीच पालथी झाली. तिच्यामागून दुसरी, तिसरा. मान वर करतो तर वीस-पंचवीस पोरं ओळीनं कपाळ टेकतायत आणि त्यांचे आईबाप मोबाइल धरून उभे. ससा धावत आला आणि मुखवट्यातून म्हणाला, "जेसनकाका, हे काय चाललंय?" आत ताफूची सून निघाली. मी म्हटलं, "कंबर मोकळी करतोय." ती म्हणाली, "मग पेले तीन कशाला?" तिनं एकदा पेल्यांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सशाचे कान सावरत पोरांना म्हणाली, "अजून एकदा टेका रे. तीनदा टेकल्याशिवाय आजोबा अंडं देत नाहीत."

बाबांचा सख्खा थोरला मुलगा दोन्ही वेळा भलत्याच जागी डोकं टेकून गेला, आणि ओळखदेख नसलेली पंचवीस पोरं बरोबर जागी टेकत होती. मला हसू आलं, मग ते आवरेना, आणि मग कळलं की ते हसू नाहीच. त्या दिवशी तुला सांगायचं पुन्हा एकदा ठरवलं. पण दर वर्षी तू कुंभाचा फोटो मागायचास. मी टेकडीवर जाऊन कुंभावरची अक्षरं लाल रंगानं गिरवायचो, फोटो पाठवायचो, आणि तू वहिनींना दाखवून म्हणायचास की धाकटा नीट सांभाळतोय. त्यानंतर खरं सांगायला जीभ रेटत नाही. एका दिवसापुरतं खोटं होतं, ते सोळा वर्षं पोसावं लागलं. मला फार वाईट वाटतं, दादा. तुला हवं ते बोल. पण आईला इथं आणू नकोस, गोट्यांशेजारी मी तिला ठेवू देणार नाही.

तुझा अपराधी,
श्वेईशंग

ता. क. येऊ नकोस असं जिथं जिथं लिहिलंय ते खोडून टाक. ये. हिरवळीकडच्या दोन खोल्या मी चार एप्रिलला धरून ठेवल्यात. आताचा माळी माझ्याच हाताखाली शिकलेला आहे. सकाळी दहा वाजता तो खडकाजवळ जास्वंद लावणार आहे, खड्डा नेहमीपेक्षा जरा खोल घेईल. आईला चहाच्या डब्यात आण, म्हणजे कुणी विचारणार नाही. तू थोरला आहेस, तुझ्या होकाराशिवाय मी मूठभर मातीही टाकणार नाही. मागणी एवढीच होती, बाकीचं पत्र धीर गोळा करण्यात गेलं.

ता. क. दुसरा. हे लिहावं की नाही, ठरत नव्हतं. आईला माहीत होतं. तू तिला लान्झोउला न्यायला आलास त्या साली, टेकडीखाली तू गाडीवाल्याशी हुज्जत घालत होतास, तेव्हा तिनं कुंभ उचलून कानाशी हलवला. म्हणाली, तुझा बाप एवढा बोलका कधीच नव्हता. मग मी सगळं सांगितलं. तिनं एक थोबाडीत दिली. जाताना हॉटेलच्या फाटकाशी उभी राहून बराच वेळ आत बघत होती, पाय दुखतात म्हणून थांबलीय असं तुला वाटलं. म्हणाली, मी गेले की मला इथंच त्याच्यापाशी ठेव, पण थोरल्याला तू स्वतः सांग, आणि मी जिवंत आहे तोवर सांग, म्हणजे तो तुझ्यावर धावून आला तर मध्ये पडायला मी असेन. नऊ वर्षं तुझ्या घरून दर सणाला फोन करायची आणि शेवटी आवाज बारीक करून विचारायची, सांगितलंस का. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. या हिवाळ्यातल्या शेवटच्या फोनवर तिनं विचारलंच नाही.