आई गोलात उभी आहे

मखमलाबाद, नाशिक
धोंड्याचा महिना, २००४

सौ. शुभांगीताईस,

साईचा वाकून नमस्कार. वाल्मीकदाजींना माझे दोन नमस्कार सांग (एक नेहमीचा, दुसरा माफीचा. कशाची माफी ते खाली येईलच, पण हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस). तिकडे सिन्नरला सगळे खुशाल असतील, तुझी कंबर आता बरी असेल. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. ठीक म्हणजे, नाना भाजीत दोनदा मीठ घालतात ते मी न बोलता खातो, आणि मी भात कच्चा ठेवतो तो ते न बोलता खातात. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. अगं, फोन कोनाड्यात आणि नाना कोनाड्याला टेकून, बोलणार काय कपाळ? म्हणून अंबडला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलोय. (कागदावरचा डाग लोणच्याच्या तेलाचा आहे. लोणचं विकतचं. आईच्या हातचं संपलं.)

विषय फुटबॉलचा आहे. हसू नकोस. कॉम्प्युटरवरचा माझा तो गेम तुला माहीत आहे, ज्यात आपण पळायचं नसतं, नुसतं मॅनेजर होऊन कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवायचं, आणि मॅच सुरू झाली की इंग्रजीत एकेक ओळ येते ती वाचत बसायचं. आई म्हणायची, हा खेळ आहे की ग्रामसभा? पण तिनेच एकदा विचारलं की यात आपली माणसं घालता येतात का. येत होती. मग काय, इंग्लंडमधल्या एका फुटकळ क्लबात मी आपली अख्खी भावकी घुसवली. तुला मधोमध (हुकूम सोडायला), सहादूकाका तुझ्या शेजारी, मैनाआत्या बचावाला (तिच्या दारावरून चहा घेतल्याशिवाय कोणी पुढे गेलंय का आजवर?), आणि दाजी सगळ्यांत पुढे, गोल मारायला. आई म्हणाली, मला मेलीला या वयात पळायला लावू नको, कुठेतरी एका जागी उभी कर. म्हणून ती गोलकीपर. इंग्रजीत 'नवसाबाई' उमटलं तेव्हा तिने पदराने स्क्रीन पुसून ते पुन्हा पाहिलं होतं. पुढे दिवाळी झाली आणि ती गेली, ते तुला मी काय सांगणार.

तेराव्यानंतर मी एकदा सहज गेम लावला होता. नाना मागून आले, म्हणाले, ह्यात तुझ्या आईचं नाव कुठंय ते दाखव. दाखवलं. तेव्हापासून संध्याकाळी शेतातून आले, हातपाय धुतले की शेजारी येऊन बसतात. इंग्रजी त्यांना येत नाही, पण तेवढ्या एका नावाचं वळण ओळखतात. ते दिसलं की भिंतीला टेकतात. आमचं बोलणं होतं ते तेवढ्यापुरतंच, एरवी घरात भांड्यांचाच आवाज. पण ताई, या गेममध्ये माणसं म्हातारी होतात. मागच्या आठवड्यात बातमी आली की गोलकीपर नवसाबाई हा सीझन संपला की खेळणं थांबवणार. थांबवणार म्हणजे नाव पुसलंच जातं. मी ती ओळ गाळून पुढचं वाचायला लागलो, तर म्हणाले, काय लपवतो? सांगावं लागलं. मग म्हणाले, "किती राह्यल्या मॅची?" एकच राहिली होती, कपची फायनल. "मग ती जिंकायची. तिला मोकळ्या हातानं नाय जाऊ द्यायचं." मी मोरीत जाऊन रडलो. बातमी गेममधली आहे हे मला कळत होतं गं, तरी रडलो.

आता समोर फायनलला कोण, तर ज्यांनी आपल्याला या सीझनला दोनदा धुतलं होतं तेच. त्यांची खोड अशी की चौघं मागे, आणि बाकीचे सहाच्या सहा मैदानाच्या मधोमध चिकटून. दोन्ही कडा ओसाड. मधून चेंडू न्यायला गेलं की तिघं अंगावर येतात. आणि आपलीही सगळी मंडळी मधेच! कारण नानांचा दंडक, घरचं माणूस कडेला उभं करायचं नाही, पंगतीत कडेला बसवलेलं माणूस जन्मभर काढतं. (मैनाआत्या तुझ्या लग्नातलं अजून काढते.) मी म्हटलं, नाना, ते दाटीवाटीने उभे आहेत तर आपण दाटीत घुसायचंच नाही. दोन जण दोन्ही कडांना लावू, त्यांच्या मागून बचावातले दोघं वर चढतील, त्यांना अडवायला ते पांगतील, की मधे ताईला वाट मोकळी. नानांना पटलं. पण कडेला दोघं न्यायचे म्हणजे मधले दोघं काढणं आलं. सहादूकाकांना बाकावर बसवायला नाना एका पायावर तयार झाले (बांधाचं प्रकरण तुला माहीतच आहे). दुसरे मी दाजी सुचवले. सीझनभर एक गोल नाही गं त्यांचा!

झालं. नाना असे उसळले की बिचारी मांजर बाहेर पळाली. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? धोंड्याचा महिना चाललाय! ती असती तर जावयाला बोलवून धोंडे खाऊ घातले असते, वाण दिलं असतं. यंदा ती नाय, वरीस झालं नाय, म्हणून पोरीला आन् जावयाला साधं जेवाय बोलावलं नाय मी. आन् आता वरून बाकावर बसवू?" त्या दिवशी गेम लागला नाही आणि भाजीत मीठही पडलं नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा, की दाजी बाकावर नाहीत, उजव्या कडेला, पण मान म्हणून कॅप्टन त्यांना करायचं. डाव्या कडेला मी (आजवर बाकावरच होतो). "तू घरचाच," नाना म्हणाले, "तुला कसला आलाय मान?"

मॅच सुरू झाली आणि पहिला गोल त्यांनीच मारला. नाना माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच गोलपोस्टमधून बाजूला झालो. पण मग कडेचा गुण यायला लागला. दाजी (कॅप्टन!) उजवीकडून जे सुटले ते कोणाला सापडेनात. त्यांनी चेंडू आत टाकला आणि तू डोक्याने गोल मारलास. तुझं डोकं असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. दुसरा मैनाआत्याने मारला, कसा ते तिलाच माहीत. अगदी शेवटी त्यांचा एक जण एकटाच आईसमोर आला. ओळ आली, आईचं नाव दिसलं, नानांनी माझं मनगट धरलं. "काय म्हनतो रं?" म्हटलं, आईने अडवला. "आडवणारच! माझी बिडी आडवली, जीप घेत होतो ती आडवली, ह्याला सोडती काय!" आणि हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. मग टॉवेल तोंडावर घेतला आणि तसेच बसून राहिले.

तर कप आपला आहे. पण आता 'पुढे' म्हणून एक बटण दाबायचं राहिलंय. ते दाबलं की नवा सीझन सुरू होईल आणि गोलात कोणी दुसराच असेल. नाना ते दाबू देत नाहीत. लाइट जाते, येते, मी कॉम्प्युटर लावतो, की पुन्हा तोच स्क्रीन आणि आई गोलात उभी. बाकी सगळं क्षेम. तुझ्या घरच्या मोठ्यांच्या पाया पडतो, छोट्या सायलीचा गालगुच्चा घे.

तुझा,
साई

ता. क. : दाजींना कॅप्टन केल्याचं सांग. कडेचं बोलू नकोस.

ता. क. दुसरा : येत्या रविवारी दोघं या. धोंडे मी करीन. पुरण कसं घालतात ते तेवढं येताना लिहून आण.

ता. क. तिसरा : नानांचं वर लिहिलं ते खोटं आहे. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी म्हणाले, "दाब की रं. किती दिवस उभी ठेवतो तिला? बसू दे आता." आणि फुलं तोडायला निघून गेले. दाबत नाही तो मीच. तू ये ताई, मला एकट्याला ते होत नाही.